गिंदाअक्काचं निवेदन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि संध्याकाळी ज्यांच्यासोबत मेहरूण तलावाला चक्कर मारतो त्या दोस्तांनाही नाही. सांगायला तोंड उघडतो आणि गाडी भलतीकडेच वळते — अमेरिकेवर, तेलावर, इराकवर. या विषयांवर मला तासभर बोलायला लावा, दोन तास बोलेन. धुळ्याच्या कॉलेजात सव्वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, पोट त्याच्यावरच चाललं. आता निवृत्त होऊन जळगावला राहतो, पण जीभ काही निवृत्त झालेली नाही.

तुम्ही माझं व्याख्यान कधी ऐकलं असेल, तर आधीच सांगतो, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. इराणमध्ये लोकांनी निवडलेला पंतप्रधान तेलासाठी उलथवला, त्यात कुणाचे हात होते ते आता त्यांचेच कागद सांगतात. इराकमध्ये नसलेली शस्त्रं शोधायला फौजा गेल्या. लिबियाचं काय झालं ते बघा. आणि ज्या राजेशाह्यांत निवडणूक हा शब्द उच्चारला तरी तुरुंग, त्यांच्याशी मात्र गळामिठी! तिथं लोकशाहीची आठवण होत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मला याची चीड येते, अजूनही येते. बातम्या लावल्या की रक्तदाब वाढतो म्हणून लेकीनं रिमोट लपवून ठेवलाय.

मग अडलं कुठं?

गेल्या महिन्यात इथंच एका सभागृहात हेच व्याख्यान दिलं. प्रश्नोत्तरांत एक मुलगी उभी राहिली, एम.ए. करणारी, आवाज बारीक पण प्रश्न धारदार. म्हणाली, सर, राज्यकर्ता खरोखरच जुलमी असेल, माणसं मारत असेल, आणि तिथल्याच लोकांनी बाहेरच्यांना मदतीला हाक मारली, तरी बाकीच्या जगानं हात बांधून बसायचं का? प्रश्न सोपा नाही. मलाही त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण व्यासपीठावर माणूस ‘सापडलं नाही’ म्हणतो होय? मी म्हणालो, ‘बाई, लोकांनी हाक मारली असं सांगतात तेव्हा एवढंच तपासा — त्या हाकेचा कागद कुणी लिहिला आणि त्याला शाई कुणी पुरवली.’

टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून पडल्या. आणि मला घाम फुटला.

कारण असा एक कागद मी लिहिलेला आहे.

माझं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याकडून शिरपूरला जाताना आत वळावं लागतं. नाव लिहीत नाही, गावाचा दोष नाही. तेव्हा मी धुळ्याला नोकरीत होतो, पण दर रविवारी गावी जायचो. गावात शिकलेला, बोलणारा, चारचौघांत वजन असलेला माणूस मीच — निदान माझी समजूत तशी होती. सरपंच होत्या गिंदाबाई. सगळे त्यांना अक्का म्हणत, वयानं मोठ्या म्हणून मीही. अक्कांना सही यायची, पुढचं वाचता यायचं नाही. पण डोकं? माझ्या विभागप्रमुखांपेक्षा तल्लख.

गावाला मोठं गायरान आहे. म्हणजे होतं. डोंगराकडच्या पाड्यांवरच्या बायका तिथं बकऱ्या आणायच्या. सावद्याकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याला ती जागा हवी होती. केळी पिकवायचे चेंबर, शीतगृह, ट्रक उभे करायला मैदान, असा त्याचा बेत. त्याला पंचायतीचा ना-हरकत ठराव लागत होता आणि अक्का तो होऊ देत नव्हत्या. ग्रामसभा घेतली, सगळ्यांसमोर विषय मांडला, आणि गायरान द्यायचं नाही असा ठराव सह्या-अंगठ्यांसह करून घेतला. याहून निर्मळ लोकशाही कुठली? मी वर्गात शिकवायचो ती तर एवढी निर्मळ कधीच नव्हती.

त्याच ग्रामसभेत मीही उठलो होतो. म्हटलं, सगळं नको, पण गायरानाच्या एका कोपऱ्यात मुलांसाठी अभ्यासिका बांधू. भाषण चांगलं झालं होतं हो. अक्का शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘सर, मंग बकऱ्या काय तुमना पुस्तकं खातीन का?’

सभा खो खो हसली. माझे सख्खे चुलते हसले. एवढंच झालं. हे एवढंसं मी मनात धरून बसलो, वर्गात साम्राज्यवाद शिकवणारा मी!

व्यापाऱ्याला हे कळलं असणार. पुढच्या रविवारी तो माझ्या ओट्यावर. गोड माणूस, सोबत केळीची फणी. म्हणाला, सर, गावाचा विकास थांबलाय, तुमच्यासारख्यांनी पुढं यायला हवं. अभ्यासिका मी बांधून देतो, तुमच्या वडिलांचं नाव देऊ. बाई चांगल्या आहेत, पण अडाणी आहेत, गाव मागं ठेवतील. ही सगळी वाक्यं मी इंग्रजी पुस्तकांत वाचलेली होती. कुठल्या देशाबद्दल कोण बोललं होतं तेही मला पाठ होतं. आणि तरी मी मान डोलावत होतो. मला ती खरी वाटत होती. हेच कुणाला कळत नाही — माणूस वाईट काम करताना स्वतःला वाईट समजतच नाही, त्याला वाटतं आपण गाव सुधारतोय.

अविश्वासाचा अर्ज मी लिहिला. सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार, विकासकामांत अडथळा, ग्रामस्थांमध्ये तीव्र असंतोष. असंतोष कुठं होता? माझ्या ओट्यावर होता, दोन खुर्च्यांवर बसलेला. सहा सदस्यांनी सह्या केल्या, अर्ज तहसीलदारांकडे गेला, आठवड्याच्या आत सभा लागली. आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्या सहा जणांना दोन गाड्यांत घालून सहलीला नेलं, सापुताऱ्याला. सभेच्या दिवसापर्यंत कुणाचं मन फिरू नये म्हणून. फोनसुद्धा काढून घेतले होते.

पण सहा पुरत नव्हते. सरपंच बाई असल्यानं कायद्याप्रमाणे तीन-चतुर्थांश मतं, म्हणजे नऊपैकी सात हात लागत होते. अक्का स्वतः, दुसऱ्या एक सदस्य बाई आणि भिकनआबा, असे तिघं शिल्लक होते. आबा म्हणजे जुने, सरळ माणूस. कुणाच्या गाडीत बसायचे नाहीत, कुणाचा चहा घ्यायचे नाहीत. सभेच्या आधीच्या रविवारी व्यापारी म्हणाला, सर, सहा आपले झाले, सातव्याचं तुम्ही बघा.

आणि त्याच रविवारी अक्का माझ्याकडे आल्या. हातात तहसीलची नोटीस.

‘सर, हाई वाची दाखाडा. मन्हावर काय काय लिखेल शे, माले बठ्ठं समजाले जोयजे.’

त्यांच्यावर काय काय लिहिलंय ते सगळं त्यांना समजून घ्यायचं होतं. मी वाचलं. माझंच मी त्यांना वाचून दाखवलं! मनमानी म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी अर्थ सांगितला. त्यावर त्या म्हणाल्या, ‘लिखनारा मानूस शिकेल शे. आपला गावमा इतलं चांगलं कोन लिखस, सर?’ मी खिडकीबाहेर बघितलं. त्या माझ्यावर संशय घेऊन विचारत होत्या का? मुळीच नाही. खरंच विचारत होत्या.

मग म्हणाल्या, सभेत माझ्या बाजूनं काहीतरी द्यायला लागेल ना, ते तुम्ही लिहा. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल पिशवीत आणली होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. ती जोडली असती तर मनमानीचा आरोप तिथंच पडला असता आणि आबांचा हात वर गेला नसता, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. मी म्हणालो, अक्का, ही नको जोडायला, उलट अंगावर येईल, तहसीलदार चिडतात. त्यांनी ती परत पिशवीत ठेवली.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी इतका फिरतोय.

मी निवेदन लिहिलं. चांगलं लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य घातलं — ‘माझ्याकडून अजाणतेपणी काही चुका घडल्या असतील, तर सन्माननीय सदस्यांनी त्या पदरात घ्याव्यात.’ नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगितलं की ते नम्रतेचं वाक्य होतं, अर्जात असतंच तसलं काहीतरी. खोटं आहे ते. आबा कसे आहेत मला माहीत होतं. चूक कबूल केली म्हणजे चूक झाली, एवढाच त्यांचा हिशोब. मी सगळं निवेदन अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवलं — आणि ते वाक्य गाळलं. डोळ्यांनी त्याच्यावरून गेलो, तोंडानं नाही. अक्कांनी खाली सही केली. जीभ दातात धरून, एकेक अक्षर.

सभेच्या दिवशी मी पंचायतीच्या दारात उभा होतो. दोन्ही गाड्या आल्या, सहाच्या सहा जण उतरले, सगळ्यांच्या डोळ्यांवर नवे कोरे गॉगल. ग्रामसेवकांनी निवेदन वाचलं. ते वाक्य आलं तेव्हा अक्कांनी झटकन मान वर केली. त्या काही बोलायला गेल्या, पण वाचन मध्ये थांबवू नका म्हणून त्यांना बसवलं. हात वर करायची वेळ आली. सहा लगेच वर गेले. आबांनी इकडं तिकडं बघितलं, म्हणाले, ‘बाई सोताच चूक कबूल करी राह्यनी, मंग मी काय करू?’ आणि त्यांचा हात वर गेला.

मला वाटलं, संपलं, आता अक्का माझ्या घरी येऊन मला जोड्यानं मारतील. मारायलाच हवं होतं. त्या संध्याकाळी आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘सर, ते चुकास्नं ग्रामसेवकनं मनथून घुसाडं. तुम्ही तं मन्हासमोर वाचं व्हतं, त्यामा नव्हतं.’

मी काय केलं? मान हलवली. एवढंच — हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, मान हलवली. तेवढी पुरली. ग्रामसेवक म्हणजे साधा माणूस, त्यानं कागदावर होतं ते वाचलं होतं. पाड्यावरच्या बायकांनी त्याला भर बाजारात घेरलं, नाही नाही ते ऐकवलं. त्यानं कागद पुढं करून दाखवला, पण वाचता कुणाला येत होतं? महिन्याभरात तो बदली मागून निघून गेला. जाताना एसटी स्टँडवर त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला अक्षर ओळखू येत होतं.

गायरानाला आता तारेचं कुंपण आहे, आत चेंबर घुमत असतात. पाड्यावरच्या बायका बकऱ्या घेऊन नाल्यापलीकडून लांबचा फेरा मारतात. काहींनी बकऱ्या विकल्या. गावातल्या माणसांना तिथं काम मिळणार होतं, मजूर बाहेरून येतात. अभ्यासिका झाली, एक खोली, दारावर वडिलांचं नाव. उद्घाटनाला मीच बोललो. विषय तुम्हीच ओळखा. वडील असते तर त्यांनी स्वतः ती पाटी उखडली असती.

मला राग येतो. त्या व्यापाऱ्याचा येत नाही फारसा, तो व्यापार करत होता. आबांचाही येत नाही. राग येतो तो माझ्या टाळ्यांचा. बड्या देशांबद्दल मी बोलतो ते उद्याही खरंच असणार आहे, त्यांचा दुटप्पीपणा माझ्यामुळं कमी होत नाही आणि माझाही त्यांच्यामुळं होत नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या दिवशी मी दिलं नाही. तिला टाळ्यांखाली गाडलं. तिच्या प्रश्नातली माणसं खरी असू शकतात, खरोखर मार खाणारी, खरोखर हाक मारणारी. माझ्यासारख्यांनी खोट्या हाका इतक्या लिहून ठेवल्यात की त्यांची खरी हाकसुद्धा आता कुणाला खरी वाटत नाही.

अक्का अजून आहेत. गुडघे गेलेत, ओट्यावर बसून असतात. मी गावी गेलो की मला हाक मारतात, घरात चहा टाकायला सांगतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की त्या वेळी बठ्ठं गाव फिरलं, एकटे सर माझ्या बाजूनं होते. मी चहा पितो. मागच्या आठवड्यातही प्यालो. ग्रामसेवकाचं नाव निघालं की त्या आजही थुंकतात.

त्यांच्यासमोर बसून चार वाक्यं बोलायला मला फार तर पाच मिनिटं लागली असती. ती मी बोललो नाही. मी हे लिहून काढलं, छापायला दिलं, आणि यातलं एक अक्षरही अक्कांना वाचता येणार नाही हे मला लिहायला बसण्याआधीपासून माहीत होतं.