माईकचं बटन आणि गिरजाबाई

लाऊडस्पीकरच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. वायरी गुंडाळता गुंडाळता आपोआप जमतात. बुलढाण्याला दिगंबरभाऊंच्या दुकानात मी कामाला होतो. भाऊंचा एकच मंत्र: "हळू बोलणाऱ्याले बटन जास्त, बोंबलणाऱ्याले कमी!"

अमडापूरच्या सभेत एका पुढाऱ्याने टेस्टिंगला नव्या नवरीगत पुटपुटून दाखवलं. भाऊंनी बटन पार वर नेलं. मग साहेब गरजले, "बंधूंनोऽ!" बाजारातले बैल दावी तोडून पळाले!

"अहो, बटन कमी करा!"

"साहेब, आता तुमीच कमी व्हा!"

एका लग्नात बटन असंच वर राहिलं. मंडपामागे बाप पोरीच्या कानात म्हणाला, "जीव घाबरला तं निघून ये, माय." अख्ख्या मांडवाने ऐकलं! वरबाप उठला आणि म्हणाला, "हाव, येईन ते. पण दोघं येतीन!" आम्ही हसलो, पण भाऊंनी डोळे पुसले.

पुढे दुकानात टेपरेकॉर्डर आला. त्यावर एक हिरवा दिवा, आत उजेडाच्या दोन पाकळ्या. आवाज जास्त झाला की त्याच्या दोन्ही पाकळ्या एकमेकींवर चढायच्या. मग बटन खाली घ्यायचं. टेस्टिंगचं बोलणं शेवटी पुसून टाकायचं, ही भाऊंची पद्धत.

उंद्रीचे सखारामजी बायकोला, गिरजाबाईंना, सरकारी दवाखान्यात दाखवून थेट दुकानात घेऊन आले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. गिरजाबाईंच्या हळदीच्या गाण्यांशिवाय गावात लग्न लागत नसे. सखारामजींना तो आवाज ठेवायचा होता.

"वहिनी, टेस्टिंगले कायबी बोला."

गिरजाबाई नवऱ्याकडे वळून हळूच काहीतरी बोलल्या. आवाज इतका बारीक, की भाऊंनी बटन वर नेलं. आणि मग त्या आजारी बाईने असा सूर लावला! भाऊ डोळे मिटून ऐकत राहिले, मीही. दिव्याकडे कोणी पाहिलंच नाही.

टेप लावली तर गाणं पार फाटलेलं.

"पुढच्या खेपेले परत घेऊ," भाऊ म्हणाले. पुढची खेप झालीच नाही. गिरजाबाई गेल्या. फार वाईट वाटलं. टेस्टिंग तेवढं पुसायचं राहिलं होतं.

मग दर बाजाराला सखारामजी यायचे, फडक्यात बांधलेली भाकर मांडीवर घेऊन बसायचे. "लावा भाऊ." भाऊ टेप सुरू करायचे, आणि गिरजाबाईंचा तो बारीक आवाज यायचा:

"तुमी सकायपासून उपाशी हा. पयले जेवून घ्या बरं."

"हाव, जेवतो ना," असं म्हणून सखारामजी फडक्याची गाठ सोडायचे.