आंब्याच्या ट्रेचा साचा

कुडाळच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना. प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर टाकायचा, साच्याच्या बारीक भोकांतून खालून हवा ओढायची. पत्रा खणाखणात चिकटून बसतो आणि ट्रे तयार होतो. सतरा वर्षं ते साचे मी केले, लाकडाचे. मग मालकाने खारेपाटणची एक मुलगी आणली, आयटीआय शिकलेली. ती अ‍ॅल्युमिनियमचे साचे करणार होती. लाकूड तापून तडकतं, अ‍ॅल्युमिनियम पटकन निवतं, हे मलाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच पोटात दुखत होतं.

खोटं कशाला सांगू, जळत होतो मी. जेवणाच्या सुट्टीत ती डबा पुढे करून म्हणायची, "काकानू, सुकटाची चटणी घेवा." चटणी झकास असायची, त्याचाही राग यायचा. मालक आल्यागेल्याला तिचं काम दाखवायचा आणि माझे साचे मागच्या शेडमध्ये उंदरांच्या हवाली. तिला पहिलं मोठं काम मिळालं ते डझनभर हापूस ठेवायच्या ट्रेचं. साचा जमला तर ती कायम होणार आणि मी पॅकिंगला बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी तिने साचा माझ्यासमोर ठेवला. "काकानू, जरा बघा हां."

बघितला. काम आरशासारखं गुळगुळीत. पण मधल्या दोन खणांना भोकंच पाडायची राहिली होती. हवा जायला वाट नसेल तर पत्रा तळाला टेकणार कसा? मी साचा उलटासुलटा केला आणि काही न बोलता तिला परत दिला.

आमच्याकडे नवा साचा मशीनवर चढताना नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे यश मागतात, आणि ते वडीलधाऱ्याने घालायचं असतं. म्हणजे मी. मी हात जोडले आणि म्हणालो, "बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडवाच्या हातचो साचो चढता. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि तेका यश दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

दहा खण सुरेख उतरले, दोन उथळ राहिले. आंब्याच्या व्यापाऱ्याने त्यांत फळं ठेवून पाहिली, तर वरचं झाकण बसेना. मालक त्याच्यादेखत तिला नाही नाही ते बोलला. मला बरं वाटलं. एक चहा संपेपर्यंत वाटलं.

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. डोळे लाल होते. "चूक माजीच, काकानू. तुमी बघलास आणि काय बोलूक नाय, म्हणान माका वाटला, साचो बरो आसा. घराक आवशीकपण मी तसाच सांगलंय. मालकाक तुमचा नाव सांगूक नाय हां. नायतर तो तुमकापण बोललो असतो."

मला तिच्याकडे बघवेना. ड्रिल उचललं आणि साच्यासाठी हात पुढे करून म्हटलं, "हाड तो साचो. अर्ध्या तासाचा काम आसा."

"आता कित्याक?" ती डबा पिशवीत ठेवत म्हणाली. "मालकान सोमवारपासून येव नको म्हणून सांगल्यान."

माझी जागा राहिली. अजून तिथेच बसतो, आणि बसायची लाज वाटते.