वारा बघायला उभी केलेली बाई

"हिला उभी करा ना तिकडं. ओढणी आहे की चांगली लांब. ती उडेल तसा वारा कळेल."

शेठ असं बोलला आणि सगळे हसले. मॅनेजरसुद्धा हसला. मी चकत्यांचं खोकं पोटाशी धरून उभी होते. मला वाटलं, मस्करी असेल. मस्करी नव्हती.

रोह्याहून कोलाडला जाताना मधेच एक रस्ता डोंगराकडं वळतो. तिथं बंदुकीचं मैदान आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात. जमिनीतल्या खड्ड्यात एक मशीन असतं. ते बशीएवढी मातीची चकती हवेत फेकतं आणि ही माणसं छर्र्याच्या बंदुकीनं ती फोडतात. खड्ड्यात बसून मशीन भरायचं काम माझं. संध्याकाळी मैदानभर पडलेल्या खापऱ्या वेचायचं कामही माझंच. तीन वर्षं केलं. मी कातकऱ्याची, हिणवायचं असलं की लोक कातोडी म्हणतात. ज्या उतारावर त्या खापऱ्या पडतात, तिथं माझा आजा नाचणी पेरायचा. हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. मीही कधी बोलले नाही.

उन्हाळ्यात दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो. तो सरळ येत नाही. डोंगरावर आपटतो, मागं फिरतो, मधेच पडतो, मधेच धक्का देतो. वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर कापडाची पिशवी बांधलेली असायची. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं ती फाटली होती. आणि त्या गाडीवाल्या पाहुण्यांतल्या शेठची एकामागून एक चकती हुकत होती. मित्र बघत होते. बाया बघत होत्या. त्याला कुणावर तरी राग काढायचा होता.

मला खड्ड्याच्या डाव्या अंगाला, उंचवट्यावर उभी केली. मॅनेजर म्हणाला, "ओढणीचं एक टोक हातात धर. हात वर. हलू नको."

हनीफचाचा मधे पडला. मैदानाच्या सुरक्षेचं तोच बघायचा. खाडीकाठच्या गावचा, वीस वर्षं आखातात असल्याच मैदानावर काम करून आलेला. म्हणाला, "साहेब, मैदानात मानूस उभा करायचा नाय. नियम हाय."

मॅनेजर म्हणाला, "बाजूला आहे ती. तुम्ही झेंडा सांभाळा."

मी उभी राहिले.

उन्हात, हात वर करून, पंचवीस चकत्यांचा एक फेरा आणि मग दुसरा. फुटलेल्या चकतीचे तुकडे पायाशी येऊन पडायचे. वारा ओढणी ओढायचा, मी छाती झाकायला दुसरा हात आणला की मागून आवाज यायचा, "ए, तो दुसरा हात खाली!" एका बाईनं मोबाईल काढला. शेठची चकती फुटली की टाळ्या. हुकली की, "ही कातोडी हलली बघा."

मी हलले नव्हते.

त्याचं काय चुकत होतं ते मला ठाऊक होतं. समोरून वारा आला की चकती वर चढते. पाठून आला की खाली दबते. ती जिथं असेल असं वाटतं तिथं ती नसते. तीन वर्षं खड्ड्यातून मी दुसरं काय बघत होते? आणि त्याच्या आधी खळ्यावर सूप धरून भात उफणताना कोण शिकली होती वारा? पण मला कुणी विचारलं नव्हतं. मला फक्त उभी केली होती.

संध्याकाळी मी वाडीवर पोचायच्या आधी तो व्हिडिओ पोचला होता. कुणी कुणाला पाठवला, देव जाणे. वाडीतली पोरं मला बघून गप्प झाली. त्यातला एक हसला. त्याचं हसू मला शेठच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

आई चुलीपुढं बसली होती. तिनंही बघितला होता. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू उभी कशाला रायलीस गो?"

मी म्हणाले, "मॅनेजर बोलला."

"मॅनेजर बोलला म्हणून?"

आजही मला त्या प्रश्नाची लाज वाटते. शेठनं उभी केली, खरं. पण हात मी वर केला होता. तो कुणी वर बांधला नव्हता. लहानपणापासून आम्हाला कुणीही म्हणतं, इथं बस, तिकडं उभी राहा, लांब हो, आणि आमचं अंग आमच्या आधी ऐकतं. याचाच मला जास्त संताप आला. माझ्या अंगाचा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी कामावर गेले. ओढणी घरी ठेवून.

त्या दिवशी त्यांच्यात स्पर्धा होती. वारा कालच्यापेक्षा वाईट. शेठ आला, मला बघितलं. "ओढणी कुठाय?"

"नाय आनली."

"मग नुसती उभी राहा. केस सोडून. तेवढं येतं ना तुला?"

परत हसणं.

"नाय," मी म्हणाले.

मॅनेजर पुढं आला. "काय म्हणालीस?"

"नाय उभी रानार. माझ्या अंगावरनं वारा बघायचा नाय. आणि शेठ, काल मी हलले नव्हते. समोरून वारा होता. चकती वर जात होती आणि तुम्ही खाली मारत होता."

शेठचा चेहरा लाल झाला. "मला शिकवतेस? तुझ्या बापानं तरी कधी बंदूक बघितली होती का? जंगली लेकाचे!"

माझ्या बापानं गलोलीनं उडतं पाखरू पाडलेलं आहे. भुकेसाठी. टाळ्यांसाठी नाही. पण हे त्याला सांगून मी माझा बाप स्वस्त केला नसता.

मॅनेजर दात ओठ खात म्हणाला, "पाया पड त्यांच्या. माफी माग. नाहीतर चालती हो."

मी चालती झाले. पण गेटाकडं नाही. सरळ मैदानात गेले. मधोमध, खापऱ्यांमध्ये, मांडी घालून बसले.

मागून हनीफचाचाचा आवाज आला, एवढा मोठा की डोंगरावरून परत आला. "मैदानात मानूस हाय! बंदुका उघडा! सगळ्यांनी!" आणि त्यानं लाल झेंडा वर केला. लाल झेंडा असताना बार काढता येत नाही. एकेक बंदूक मधोमध उघडून रिकामी झाली. शेठचीसुद्धा.

"ओढून काढा तिला!" तो ओरडत होता. दोन वॉचमन निघाले. चाचा त्यांच्या आडवा आला. "बाईमानसाला हात लावायचा नाय." ते थांबले. त्यांनाही तेच हवं असावं.

मी उठले नाही. तिथूनच पोलिसांना फोन लावला. काय झालं, कुणी केलं, कुठं बसलेय, सगळं सांगितलं. गाडी येईपर्यंत मी तिथंच होते. चकत्या खोक्यात राहिल्या. स्पर्धा झाली नाही. पाहुणे चहा पिऊन निघून गेले.

ठाण्यात मी तक्रार दिली. कातोडी म्हणाला, जंगली म्हणाला, माझ्या अंगावरनं वारा कसा बघितला, सगळं शब्दाला शब्द. पुरावा मला शोधावा लागला नाही. त्यांनीच हसत हसत व्हिडिओ काढला होता. चाचानं साक्ष दिली. आठवड्यात त्याची नोकरी गेली. माझी त्याच दिवशी गेली होती. मी त्याच्या घरी गेले, म्हणाले, "माझ्यापायी झालं." तो म्हणाला, "तुझ्यापायी नाय. पयल्या दिवशी झेंडा वर केला असता तर आज तोंड वर करून बोललो असतो."

मग मॅनेजर वाडीवर आला. साडी आणि मिठाईचा पुडा घेऊन. "शेठ मोठा माणूस आहे, मन मोठं कर, केस मागं घे." आईनं साडी उचलली आणि त्याच्या गाडीत नेऊन टाकली. पुडाही.

आता मी पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात आहे. मूर्तींना पॉलिश पेपर मारते. पेणला मावशीकडं राहते. परवा मालकाला सांगितलं, सोमवारी येणार नाही, कोर्टाची तारीख आहे. तो म्हणाला, "ऐन हंगामात? आणि असल्या भानगडी इथं नकोत हां. परत परत सुट्टी विचारायची नाही."

मी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला आणि त्याच्याकडं बघून बोलले.

"मी इचारत नाय. सांगतेय. सोमवारी जानार. पुढची तारीख पडंल, तेव्हापन जानार. निकाल लागेपर्यंत जानार."