बारा किलो

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती अठरा वर्षं काचा घासत होती. नंबरची गोल काच फिरत्या चाकावर धरायची, पाण्याची बारीक धार सोडायची आणि फ्रेमच्या मापाला येईपर्यंत कडा झिजवायच्या. सगळं काम बसून. त्रेचाळिसाव्या वर्षी तिचं वजन ब्याऐंशी किलो होतं आणि त्याबद्दल तिची स्वतःची काहीच तक्रार नव्हती.

तक्रार काढली ती हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी.

तिच्या धाकट्या भावाला घरात बारक्या म्हणत; खरं तर दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण त्याचं शरीर त्याच्याच लिव्हरवर उलटलं. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, पाय सुजले. आईवडील राहिले नव्हते, लग्न त्याने केलं नव्हतं. तिने, म्हणजे त्याच्या ताईने, त्याची खाट आपल्याकडे, बैठकीला लागून असलेल्या खोलीत आणली. कुणीतरी लिव्हरचा तुकडा दिला तर तो जगणार होता. ताईच्या नवऱ्याचा रक्तगट जुळेना. तिचा जुळला.

"पण तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "असा तुकडा घेता येत नाही. त्यालाही धोका, तुम्हालाही. बारा किलो कमी करा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

"तोवर तो…?"

"औषधांवर ठेवू. तुम्ही तुमचं काम करा."

हे काम तिला कधीच जमलेलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी, दुकानात शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या मैत्रिणीने तिच्या फोनवर नव्वद दिवसांचा एक व्यायामाचा कार्यक्रम घालून दिला. "कठीण आहे हं," मैत्रीण म्हणाली, "मी पाचव्या दिवशी सोडला."

दुसऱ्या दिवशी पहाटे बैठकीतली खुर्ची भिंतीला लावून तिने चटई पसरली. फोनमधला तरुण दात दाखवत ओरडू लागला. उठाबशा, मग उड्या, मग आडवं होऊन पुन्हा उठून उडी. चार मिनिटांत तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आठव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरून छतावर काठीचे ठोके पडले. ती तशीच घामाघूम खाली गेली. खाली राहणारे निवृत्त हेडमास्तर दार उघडून उभे होते, केस विस्कटलेले.

"बाई, वर काय म्हशी पळवताय का?"

तिने का ते सांगितलं. सांगताना ती धापा टाकत होती की रडत होती, हे त्यांना कळलं नसावं. त्यांनी दाराची कडी उगाच एकदा सरकवून पाहिली.

"पावणेसहाला करा," ते म्हणाले. "तेव्हा मी फिरायला जातो."

पुढे कळलं, ते फिरायला जातच नव्हते.

पहिल्या आठवड्यात चटईवर गुडघे सोलवटले आणि जिना उतरताना तिला कठडा धरून तिरकं चालावं लागे. तेल-साखर बंद केली होती. दुकानात काच घासताना मापाचा अंदाज चुकून दोन काचा फुकट गेल्या. नवरा संध्याकाळी पाय चेपून द्यायचा. खोलीतून बारक्या उड्यांच्या आवाजावर आकडे मोजायचा.

"अकरा… बारा… तेरा… चौदा… ए ताई, चौदावी अर्धीच मारलीस."

"अर्धी नाही, पूर्ण मारली!"

"मी आजारी आहे, बहिरा नाही. पुन्हा कर."

तेविसाव्या दिवशी काटा तीनशे ग्रॅमने वर गेला. तिने काट्यावरून उतरून पुन्हा चढून पाहिलं. मग काटा दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहिलं. मग चटईवर बसली आणि तिला उठवेना. फोनमधला तरुण म्हणत होता, "मनात आणलंत तर अशक्य काही नाही!"

"त्याला गप्प कर गं," बारक्या आतून म्हणाला. "आणि जाऊ दे. किती हाल करून घेशील जिवाचे?"

"तू तोंड बंद ठेव!" ती इतक्या जोरात ओरडली की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. "तू फक्त मोज. एवढंच काम आहे तुला. मोज!"

आतून हळू आवाजात, "एक."

चाळिसाव्या दिवसानंतर वजन उतरू लागलं, कपडे अंगावर लोंबू लागले. पण बारक्याचं मोजणं विसाच्या पुढे जाईना. कधी मधेच आकडा विसरायचा, कधी नको ते बोलायचा: चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार अडकलंय, आत माणसं आहेत. तेव्हा ती स्वतःच मोजायची, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

एकाहत्तराव्या दिवशी ती सत्तर किलोवर आली. पुन्हा तपासण्या झाल्या. डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "शाबास. आता चालेल." पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. बारक्याने तिचा हात हातात घेतला. "नीट बघून दे हं. चांगला तुकडा दे," तो म्हणाला आणि नवऱ्यासकट तिघंही हसले.

रविवारी त्याला ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते आणि ते रक्तात उतरले.

"या अवस्थेत ऑपरेशन करता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"पण मी तयार आहे. आता घ्या. आज घ्या."

"तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. त्याचं शरीर झेलणार नाही."

अतिदक्षता विभागाच्या बाहेर लोखंडी बाकावर ती बसून राहिली. इतके दिवस करण्यासारखं काहीतरी होतं, कितीही जीवघेणं का असेना. आता कुणी तिला काही करायला सांगत नव्हतं. तिने परिचारिकेला विचारलं, काही आणायचंय का? नाही. औषध? नाही. नवरा म्हणाला, "बस." ती बसली. दिवसातून दोनदा काचेपलीकडून तो दिसायचा, नळ्यांमध्ये. मंगळवारी दुपारी त्याचे डोळे उघडे होते, पण ते तिच्याकडे वळले नाहीत.

बुधवारी सकाळी तो गेला.

भेटायला येणारी माणसं दाराशी क्षणभर थबकायची. मावशी तर तिला ओळखेचना. गळ्यात पडून रडून झालं, डोळे पुसून झाले, आणि मग मावशीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती बारीक झालीस गं! छान दिसतेस." आणि लगेच आपल्याच तोंडावर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली.

वर्षभरात त्या बारा किलोंतले आठ-नऊ परत आले असावेत. तिने मोजले नाहीत. ती पुन्हा काचा घासायला जाते. परवा दुकानात गल्ल्यावर नव्याने लागलेल्या मुलीने तिला विचारलं, "काकू, तुम्ही म्हणे तो नव्वद दिवसांचा कार्यक्रम केला होता? खरंच फरक पडतो का हो?"

तिने यंत्र बंद केलं. हात पुसले.

"पडतो," ती म्हणाली. "कर तू. फक्त गुडघ्यांखाली काहीतरी मऊ घे."