रोममध्ये पाणी सोडणारा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बीडला खोली घेऊन बी.ए. करत होतो. इतिहासात एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो तर वडील गावी शेतात परत नेणार होते.

आमच्या गल्लीत चार दिवसांनी पाणी यायचं. पाणी सोडणारा माणूस लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह उघडायचा आणि चावीच्या दांड्याला कान लावून बसायचा. शेवटच्या घरी पाणी पोचलं, हे त्याला आवाजावरून कळायचं.

एकदा मी ओट्यावर मोठ्यानं वाचत होतो, "रोमच्या सम्राटांनी डोंगरातून शहरात पाणी आणलं."

"आनलं आसंल," तो दांड्यावरचा कान न काढता म्हणाला, "पर रोज सोडायला कोण व्हतं?"

"पुस्तकात नाही."

"कसं आसंल? पानी आलं की आमाला कोण इचारतंय."

पेपरात रोमचा प्रश्न आला. मी उत्तराच्या शेवटी पाणी सोडणाऱ्यांवर दोन ओळी लिहिल्या.

निकालानंतर त्याला ते सांगितलं, तर तो घाबरला. "मास्तरानं गुण कापले न्हाईत न्हवं?"

"पास झालो."

त्यानं माझा हात घट्ट धरला. त्याच्या तळव्याचा तांबडा गंज माझ्या हाताला लागला. नळाला पाणी होतं, तरी तो हात धुवावासा वाटला नाही.