ॲव्हरेज खाणारा पाय

मंडळी, आज डोकं लई गरम हाये, म्हनून लिहून राह्यलो.

आमची कार कितीक दिवसापासून नुसती पेट्रोल पेऊन राह्यली. मालेगावच्या मिस्त्रीनं एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, टायरची हवा पाह्यली. ॲव्हरेज जिथल्या तिथंच! मी तं पंपवाल्यालेही शिव्या घालून मोकळा झालो.

आज बाबाबरोबर आसेगावहून पोहरादेवीले निघालो. गाडी बाबा चालवत होते, मी बाजूले. जरा वेळानं जळका वास आला. खाली पाह्यलं, तं बाबाचा डावा पाय क्लचवर! गिअर बदलाचा नाही, गाडी थांबवाची नाही, तरी पाय तिथंच दाबून.

"बाबा, पाय काढा ना! क्लच अर्धा दाबला की गाडी वढत नाही, नुसतं पेट्रोल जळते."

"काढून ठेवू कुठी? जलमभर ट्रॅक्टर असाच चालवला. त्यानं कधी तक्रार नाही केली!"

माह्यं टकुरंच फिरलं. गाडी बाजूले घ्याले लावली अन् स्वतः स्टिअरिंगवर बसलो. म्हनलं, आता पाहा, गाडी कशी चालवाची ते.

जरासक पुढं गेलो, तं बाबा खाली बोट दाखवून हासाले लागले.

माहा डावा पाय क्लचवरच होता.

मले गाडी शिकवली कोनं? बाबानंच, त्याच ट्रॅक्टरवर.

मिस्त्री सारे पार्ट बदलून देईन, हा पाय कोन बदलून देईन? खरं सांगा, गाडी चालवतानी तुमचा डावा पाय कुठी असते?