जर-तर आणि जेवून गेलेले पाहुणे

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर माझ्याकडे बघायचीसुद्धा तुम्हाला लाज वाटेल! माणूस मूर्खपणा करतो, मान्य. पण ज्या मूर्खपणावर आपण महिनाभर हिरव्या पेनाने रेघा मारून अभ्यास केला, तोच करायचा? नेमका तोच?

गोष्ट कतारची. मोबाइल नुकते खिशात मावायला लागले होते, तेव्हाची. मी चोवीस वर्षांची, रत्नागिरीहून बी.कॉम. करून दोह्याजवळच्या उम्म सलाल मोहम्मद गावात भाईजान आणि भाभीकडे राहायला आलेली. दोह्यातल्या एका ऑफिसात टायपिंग करायचे. डोक्यात खूळ एकच, वकील व्हायचं! मामा टोरांटोला होता. तो म्हणाला, "इथल्या लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा दे, सेंटर दोह्यातही आहे. पुढचं मी बघतो." आणि पाठवून दिलं एक पुस्तक. उशीएवढं जाड.

आता कायद्याची परीक्षा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, कलमं असतील, कोर्ट असेल. छे! सगळं जर-तर. म्हणजे असं बघा. जुम्मा, म्हणजे शुक्रवार, असेल तर आमचं ऑफिस बंद. बरोबर? मग ऑफिस बंद दिसलं, म्हणजे जुम्माच आहे का? नाही! ईद असेल. साहेबांनी चावी हरवली असेल. 'जर' असला की 'तर' येतो, पण 'तर' दिसला म्हणून 'जर' असेलच असं नाही. एवढंच ते. त्यावर चाळीस पानं.

मला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की घरातल्यांचा जीव नकोसा करून सोडला.

भाईजान म्हणायचा, "अभ्यास केलास तर पास होशील."

"म्हणजे नाही केला तर नापास होईनच असं नाही, भाईजान."

"भाकरी घेतलीस तर सांग, कालवण वाढते," भाभी म्हणायची.

"आणि भाकरी नाही घेतली तर कालवण मिळणार नाही, असं तू म्हटलेलं नाहीस, भाभी."

भाभी पळी उगारायची. तिने ती कधी मारली कशी नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

अशात माझ्यासाठी स्थळ आलं. माणसं रायगडची, राहायला अल खोरला. मुलगा इम्तियाज, गॅसच्या प्लांटवर इंजिनियर. त्याच्या आईचा, हमीदाखालाचा, भाभीला फोन आला. "गुरुवारी संध्याकाळी चहाला येतो. उगाच जेवणाचा घाट घालू नको गो. पोरगी पसंत पडली तर जेवूनच जाऊ."

लक्षात ठेवा हं हे वाक्य. मी नाही ठेवलं.

परीक्षेला तीन आठवडे राहिलेले, आणि मी गुलाबी ओढणी घेऊन ट्रे धरून उभी! इम्तियाज गालिच्याकडे बघत होता. त्याचे वडील गप्प. बोलत होती ती हमीदाखालाच.

"पोरीला स्वयंपाक येत असेल तर सासरी कसली अडचण नसते," ती म्हणाली.

आणि माझं तोंड! महिनाभराची सवय हो! "पण खाला, स्वयंपाक येत नसेल तर अडचण होईलच असं काही यातून निघत नाही."

भाभीने मला मागून असा चिमटा काढला की ट्रेमधल्या कपांनी सलाम केला. इम्तियाज मात्र गालिच्यावरून पहिल्यांदा वर बघायला लागला. खालाचे ओठ आवळलेले. मी मनात म्हटलं, खलास. सुटले!

चहा झाला. मंडळी उठली. चपलांपर्यंत पोचलीसुद्धा. तेवढ्यात इम्तियाजच्या वडिलांनी खालाच्या कानात काहीतरी सांगितलं. खाला थांबली, वळली आणि म्हणाली, "चला, आता जेवूनच जातो."

भाभीचा चेहरा कसा फुलला म्हणून सांगू! भाईजानने तर मला डोळा मारला. भाभीने आशेपोटी कोलंबीचं कालवण करून ठेवलंच होतं, ते बाहेर आलं. इम्तियाजच्या वडिलांनी तीन वेळा भात घेतला. मला तर एकेक घास माझ्या वकिलीवर पडतोय असंच वाटत होतं.

पुढे जे झालं ते कोणाला आवरता आलं असतं? शुक्रवारी नमाजाहून आल्याबरोबर भाईजानने रत्नागिरीला फोन लावला. "अब्बा, जेवून गेले!" अब्बांनी ती बातमी खेडच्या फुफूला, म्हणजे आमच्या आत्याला, दिली. फुफूने तासाभरात उलटा फोन करून विचारलं, निकाहचा शरारा लाल घ्यायचा की मरून? शनिवारी सकाळी भाईजान ऑफिसला मिठाईचा डबा घेऊन गेला. मी म्हटलं, "भाईजान, थांब तरी! त्यांनी तोंडाने हो म्हटलंय का?"

"जेवले ना? मग अजून काय लिहून देणार?"

आणि सांगायचं म्हणजे, मलाही ते पटलं! जर-तरची चाळीस पानं तोंडपाठ असलेल्या या बाईला! माझी भीती वेगळीच होती. हे लग्न ठरलं की टोरांटो संपलं.

म्हणून मी ठरवलं, भाईजानशी भांडून उपयोग नाही, सरळ खालालाच सांगायचं. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या पॅडवर मुद्दे काढले. एक ते सात. भाभीच्या डायरीतून नंबर आधीच उतरवून आणला होता. फोन लावला.

"खाला, मी बोलतेय. उम्म सलालहून. नसीम."

"हां गो. बोल."

मुद्दा पहिला. "खाला, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं घर फार चांगलं आहे. इम्तियाजही चांगले आहेत."

"बरं मग?"

मुद्दा तिसरा. दुसरा घाईत राहिला. "पण मला शिकायचं आहे. वकील व्हायचं आहे. आज मी गप्प बसून हो म्हटलं, तर उद्या तुमच्या घरात तोंड पाडून वावरेन. ते तुम्हाला आवडेल का? म्हणून आजच खरं सांगते. मला हे लग्न नको. तुम्हाला वाईट वाटेल…"

"वाईट? नाही बा."

"इम्तियाजना समजवा. त्यांना माझ्यापेक्षा चांगली मुलगी नक्की मिळेल."

"तेच आम्ही त्याला कालपासून सांगतोय."

मी पॅडकडे बघितलं. याचं उत्तर सातही मुद्द्यांत नव्हतं.

"म्हणजे… खाला, मी तुम्हाला पसंत नाही?"

"आता तूच विचारतेस म्हणून सांगते गो, नाही. जीभ फार चालते तुझी. तुझ्या भाईला संध्याकाळी फोन करणारच होते."

"पण तुम्ही जेवलात!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो मुलीने स्टेपलर खाली टाकला. "तुम्हीच म्हणाला होतात, पसंत पडली तर जेवून जाऊ!"

"अगो, यांना डायबेटिस! शहाण्याने जेवणाआधीची गोळी चहासोबतच घेऊन टाकली. अल खोरपर्यंत उपाशी नेलं असतं तर गाडीतच चक्कर आली असती. गोळी घेतली म्हणून जेवलो."

बघा. पसंत असेल तर जेवतील. जेवले. म्हणून पसंत! चाळीस पानं, हिरव्या रेघा, महिनाभर घरादाराचा छळ. आणि ज्या मागणीचा पत्ताच नाही, तिला मी सात मुद्द्यांचा नकार देत होते! कान इतके तापले की रिसीव्हर कानाला धरवेना.

"सॉरी, खाला," एवढंच कसंबसं म्हटलं. "मी ठेवते."

"थांब गो!" पलीकडून हसू येत होतं. आधी दाबलेलं, मग खदाखदा. मग ती घरात कोणाला तरी ओरडून सांगायला लागली, "ऐकलंत का? ती पोरगी! आपल्याला नको म्हणायला फोन केलाय!"

मग परत माझ्याशी. "पोरी, त्या दिवशी मला वाटलं, उद्धट आहे. पण स्वतः फोन करून खरं ते सांगितलंस. घाबरलीस, पण बोललीस. असं आमच्या घरात कोणाला जमत नाही. आता मात्र तू मला पसंत आहेस!"

"नाही, नाही, खाला! तसं नको!"

"शिकायचंय ना? शीक की! अडवतंय कोण? इम्तियाज तर त्या दिवसापासून तुझंच नाव घेतोय, मीच नको म्हणत होते. आणि आमची गावची आंब्याची बाग, चुलत दिरांनी बळकावलेली, केस अलिबागच्या कोर्टात किती वर्षं पडून आहे! घरात वकील सून आली तर सुटेल तरी."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शपथेवर सांगते, एक शब्द फुटला नाही. जीभ फार चालते म्हणे!

घरी आल्यावर सगळं खरं सांगून टाकलं. भाभी हसत हसत खालीच बसली. भाईजानने मात्र आधी वाटलेल्या मिठाईचा विचार केला, मग गंभीरपणे म्हणाला, "नसीम, तुझी आयुष्यातली पहिली केस. तयारी तुझी, भाषण तुझं, आणि निकाल समोरच्या पार्टीच्या बाजूने!"

परीक्षा झाली. मार्क चांगले पडले, प्रवेश मिळाला. जाण्याआधी इम्तियाजशी चार वेळा बोलले, तेव्हा कळलं, माणूस गालिच्याकडे बघतो ते लाजून, आणि माझ्या टोरांटोला त्याची ना नाही. निकाह कॉलेजच्या पुढच्या सुट्टीत झाला, आणि वर्षभराने तोही टोरांटोला आला.

आता मी तिथे वकिली करते. सासऱ्यांचा दर जुम्म्याला फोन येतो, आधी तब्येत विचारतात आणि मग बागेच्या केसचं. दरवेळी मी म्हणते, "बघतेय, अब्बा, इन्शाल्ला." कॅनडाची वकिली अलिबागच्या कोर्टात चालत नाही, हे त्यांना सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही!